साचा एकच, मग शर्यत कशाची? छोट्या कीलनौकांची रचना आणि आपला नाथसागर

गोदाकाठचा मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी पैठण तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो. माझा भाचा मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. परदेशी बंदरात मुक्काम लांबला की तो तिथल्या शिडाच्या नौकेवर पाचवा गडी म्हणून बसतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने मला जे/२४ या नौकेची रेखाटने दाखवली आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

ही नौका रॉड जॉनस्टन यांनी अमेरिकेतील स्टोनिंग्टन येथे आपल्या घराच्या गॅरेजमध्ये बांधली. त्या पहिल्या नौकेचे नाव ‘रॅगटाइम’. १९७७ पासून ती कारखान्यात तयार होऊ लागली आणि आजवर ५,००० हून अधिक नौका पाण्यात उतरल्या. लांबी ७.३२ मीटर, रुंदी २.७१ मीटर, वजन सुमारे १,४०६ किलो आणि त्यातले ४३१ किलो खाली शिशाच्या कीलमध्ये, म्हणजे तळाखाली बसवलेल्या जड पात्यात. ही मापे इतक्या वर्षांनंतरही तीच ठेवली आहेत, कारण या वर्गाचा नियमच असा की सर्व नौका एकसारख्या असल्या पाहिजेत.

माझा प्रश्न असा की, नौका जर एकाच साच्यातल्या असतील तर शर्यतीत रचनेला काय महत्त्व उरते? आणि अधिक वेगवान रचना आलेल्या असताना लोक जुन्याच मापाला का धरून बसतात? मनात आणखी एक विचार आहे, तो आत्ताच सांगून टाकतो. माझ्या शाळेपासून नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, फुगवटा दिसतो आणि एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर एकही शीड नाही, याचे मला वाईट वाटते.

वाळूजचा टूलरूमवाला

सर, एकसारखे म्हणजे किती एकसारखे, हा प्रश्न आधी विचारावा लागेल. मी २२ वर्षे वाळूजला डाय आणि गेज तयार करतो. एकाच साच्यातून निघालेले दोन भाग तंतोतंत सारखे मी आजवर पाहिलेले नाहीत. ड्रॉइंगवर माप असते आणि त्याच्या शेजारी सूट, म्हणजे चालेल एवढा कमी-जास्त फरक, लिहिलेली असते, आणि सगळे कसब त्या सुटीच्या आत चालते.

कीलच्या बाबतीतही हेच घडते. ओतलेले शिसे हुबेहूब येत नाही, म्हणून वर्गाचे नियम ठरावीक छेदांवर किमान आणि कमाल जाडी सांगतात आणि मोजणारा अधिकारी साचपट्टी (त्या आकारात कापलेली पट्टी) लावून ती तपासतो. मग ज्याच्याकडे पैसा आणि वेळ आहे तो कीलवर लांबी (पुटी) भरतो, घासतो, पुन्हा भरतो, आणि प्रत्येक छेद सुटीच्या सर्वांत फायद्याच्या टोकाला नेऊन ठेवतो. हे नियमातच बसते, पण त्याच्या पलीकडे एक पाऊल टाकले की फसवणूक होते. २०१७ साली इटलीत पोर्तो चेर्वो येथे जे/७० या दुसऱ्या एकसारख्या कीलनौकांच्या वर्गाची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा कीलचा आकार नियमाबाहेर बदललेला आढळल्यामुळे काही नौका स्पर्धेतून बाहेर काढाव्या लागल्या होत्या. त्यामुळे साचा एक असला म्हणजे भांडण मिटले असे समजू नये. ते फक्त मीटरवरून मिलिमीटरवर येते.

परळीचा पाटील

मास्तर, आमच्याकडे शंकरपटात ज्याची जोडी चांगली तो जिंकतो, आणि ती जोडी पारखून आणणे व पोसणे हीच मालकाची विद्या मानली जाते. सर्वांना एकच जोडी दिली तर त्या विद्येला किंमत काय राहिली? नौकेचेही तसेच असावे, असे मला वाटते.

नांदेडचा निवृत्त सुभेदार

पाटीलसाहेब, आपला मुद्दा योग्य आहे, पण कुस्तीचा फड आठवा. तिथे वजनगट असतात, म्हणूनच डाव दिसतो. नाही तर नुसते वजन जिंकले असते.

मी नोकरीत असताना सिकंदराबादला होतो आणि हुसेनसागरावर एंटरप्राइज जातीची दोघांची होडी चालवायला शिकलो. ती कीलनौका नव्हे. तिच्यात मधोमध एक फळी खाली सोडायची असते आणि होडी सरळ ठेवण्याचे काम माणसाच्या शरीरालाच करावे लागते. तिथल्या सर्व होड्या एकाच मापाच्या होत्या. पहिल्या वर्षी मी प्रत्येक शर्यतीत शेवटून पहिला येत असे आणि होडीला दोष देत असे. आमच्या उस्तादांनी एके दिवशी माझी होडी स्वतः घेतली, त्यांची मला दिली आणि माझ्या पुढे निघून गेले. किनाऱ्यावर आल्यावर ते काहीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी होडीला दोष देणे थांबवले आणि शिडाकडे पाहू लागलो.

एकाच मापाच्या होडीचा मूळ हेतू मला तेव्हा समजला. १८८७ साली डब्लिनजवळ ‘वॉटर वॅग’ नावाच्या छोट्या होड्यांचा वर्ग काढला गेला, तो या पद्धतीचा पहिला वर्ग मानला जातो. ज्याची थैली मोठी त्याचीच होडी पुढे, हा प्रकार बंद व्हावा एवढीच त्यामागची इच्छा होती.

परभणीची अभियंता

मला येथे मतभेद नोंदवायचा आहे. मी यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर आहे आणि रचना गोठवण्याची किंमत काय असते, याकडे कोणी लक्ष वेधलेले दिसत नाही.

जे/२४ चेच पाहा. तिच्या कवचात दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेले असते. त्यामुळे ती हलकी आणि ताठ होते, पण एखाद्या बोल्टच्या छिद्रातून पाणी शिरले की ते लाकूड आतून कुजत जाते. सुरुवातीच्या नौकांमध्ये कीलच्या वरचा खळगा व्हर्मिक्युलाइट (एक सच्छिद्र खनिज) मिसळलेल्या भरावाने भरला होता, तोही पाणी शोषून घेत असे. जोराच्या झोताने नौका आडवी झाली आणि मागच्या बाकांखालील कप्पे उघडे असतील तर पाणी आत शिरून नौका बुडाल्याची उदाहरणे आहेत. कील असूनही, हे लक्षात घ्यावे. पुढे कप्पे बंद ठेवण्याचे नियम आले आणि नंतरच्या नौकांत सुधारणाही झाल्या. पण नियमाने वागणूक बदलली, मूळ आकार तोच राहिला.

दुसरीकडे १९९३ मध्ये रायशेल आणि प्यू या रचनाकारांच्या कार्यालयातून मेल्जेस २४ ही नौका आली. लांबी जवळपास तेवढीच, वजन मात्र सुमारे ८१० किलो, कार्बनची डोलकाठी आणि खोल कीलच्या टोकाला शिशाचा गोळा. वारा पाठीशी घेऊन जाताना ती पाणी कापत बसत नाही, पाण्याच्या पृष्ठावर चढून घसरू लागते. जे/२४ ची पाण्यालगतची लांबी सुमारे ६.१ मीटर आहे आणि त्या लांबीला सुमारे ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर, ही स्वाभाविक मर्यादा येते. त्यापुढे नौका स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते आणि कितीही वारा असला तरी फारसा वेग वाढत नाही. मग जुन्या मापाचा आग्रह धरणे म्हणजे प्रगतीला नकार देणे नव्हे काय?

नांदेडचा निवृत्त सुभेदार

ताई, आपण दाखवलेले दोष खरे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. परंतु शर्यतीत वेगापेक्षा अंतर महत्त्वाचे असते. २० नौका ६ नॉटने चालत असतील आणि पहिल्या व दहाव्या नौकेत चार नौकांचेच अंतर असेल, तर त्या शर्यतीत क्षणाक्षणाला निर्णय घ्यावे लागतात.

एचल्स नौकेची हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. ऑलिम्पिकसाठी तीन जणांची नवी कीलनौका निवडायची म्हणून १९६६ मध्ये जर्मनीतील कील नावाच्या शहरात चाचण्या झाल्या. स्किप एचल्स यांच्या नौकेने १० पैकी ८ शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षीच्या चाचणीतही ती सरस ठरली, तरी निवड नॉर्वेच्या यान लिंगे यांच्या सोलिंगची झाली. सोलिंग १९७२ ते २००० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये राहिली. पण एचल्स मेली नाही. तिच्या मालकांनी वर्ग बांधला, मापे सांभाळली आणि आजही तिच्या जागतिक स्पर्धा होतात. मोठ्या मानाच्या आधाराविना ती टिकली, कारण विकत घेणाऱ्याला खात्री होती की आपली नौका पाच वर्षांनी जुनी ठरणार नाही.

लातूरची गणितवाली

परभणीच्या ताईंच्या मुद्द्याकडे मी नंतर येते. आधी मास्तरांच्या मूळ प्रश्नातला एक भाग गणिताने सोडवून पाहू: नौका सरळ कोण ठेवते, कील की माणसे?

जे/२४ मध्ये पाच जणांचा चमू असतो आणि चमूच्या एकूण वजनावर ४०० किलोची मर्यादा आहे. आपण ३७५ किलो धरू. ही सर्व माणसे कडेला बसली आणि मध्यरेषेपासून सरासरी १.२ मीटर अंतरावर असली, तर नौका १५ अंश कललेली असताना त्यांचा सरळ करणारा आघूर्ण (फिरवणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर) साधारण ४३५ किलोग्रॅम-मीटर येतो. कीलचे वजन ४३१ किलो आणि तिचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या बिंदूपासून ०.७ मीटर खाली आहे असे गृहीत धरू. १५ अंशांवर तिचा वाटा जेमतेम ७८ येतो. कवचाच्या रुंदीमुळे मिळणारा आधार मी येथे धरलेला नाही, तरीही प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

आता कल ६० अंशांवर न्या. माणसांचा वाटा २२५ वर उतरतो आणि कीलचा २६१ वर चढतो. ९० अंशांवर माणसांचा वाटा शून्य होतो, तेव्हा नौका वाचवते ती फक्त कील. म्हणजे शर्यत चालू असते त्या कोनांत माणसे नौकेला वेग देतात आणि संकटाच्या कोनांत कील तिला परत आणते. पाचही जण एका तालात एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेले नाहीत, तर साचा कितीही एक असला तरी ती नौका मागे पडणारच.

सर्व कीलनौकांत हे प्रमाण सारखे नसते. १९११ सालच्या स्टार या दोघांच्या नौकेत आणि सोलिंगमध्ये एकूण वजनातला निम्म्याहून अधिक भाग कीलचा असतो, जे/२४ मध्ये तो ३१ टक्क्यांच्या आसपास आहे. रचनाकार शिडे आखण्याआधी पहिली निवड इथे करतो.

वाळूजचा टूलरूमवाला

लातूरच्या ताईंनी फार उत्तम मांडले. त्यात एक भर घालतो. शिसे बिडाच्या लोखंडापेक्षा दीडपटीहून अधिक जड असते, म्हणून तेवढेच वजन कमी जागेत आणि अधिक खाली बसवता येते. बिडाच्या कीलला गंज धरतो आणि दर हंगामात ती घासून पुन्हा गुळगुळीत करावी लागते. बीड स्वस्त पडते, परंतु त्या घासण्यात मापे हलत जातात आणि पुन्हा साचपट्टीचा प्रश्न येतो.

दोन नौकांच्या वजनात फरक निघाला तर हलक्या नौकेत ठरावीक जागी शिशाचे तुकडे बसवून ती किमान वजनाला आणतात. आमच्याकडे चाक समतोल करताना वजने लावतात, तसेच हे.

परळीचा पाटील

वजनगटाचा दाखला मला पटला. तरीही विचारतो, माणसाने नेमके करायचे काय असते? सुकाणू धरून बसणेच ना?

नांदेडचा निवृत्त सुभेदार

पाटीलसाहेब, शर्यत सुरू होण्याच्या तासभर आधी निम्मे काम झालेले असते. डोलकाठीला धरणाऱ्या तारा किती ताणायच्या, हे त्या दिवसाच्या वाऱ्यावर ठरते. बऱ्याच वर्गांत शर्यत सुरू झाल्यावर त्यांना हात लावता येत नाही. वारा १० नॉटवरून १४ वर गेला तर ऐकायला चारच वाढले, पण शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. तारा सैल ठेवल्या असतील तर पुढच्या शिडाची कड वाऱ्यात पिशवीसारखी फुगते आणि नौका वाऱ्याकडे तोंड करून चढत नाही. मी एकदा सकाळची शांतता पाहून तारा सैल ठेवल्या होत्या, दुपारी वारा उठला आणि संपूर्ण शर्यत मला ती शिक्षा भोगावी लागली.

त्यानंतर पाणी वाचायचे. वाऱ्याचा झोत पाण्यावर काळसर पट्टा होऊन येतो. तो कोणत्या बाजूने येतो आहे हे एका गड्याने सतत सांगत राहायचे असते. जे/२४ चे पुढचे शीड डोलकाठीच्या मागपर्यंत येणारे मोठे असते, त्यामुळे दिशा बदलताना ते ओढून घेण्यात एक-दोन सेकंद चुकले की एक नौका पुढे निघून जाते.

फुगवट्यावरचा भोई

नाथसागराचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमची तिसरी पिढी या पाण्यावर मासेमारी करते. धागा मी माझ्या मुलाकडून वाचून घेतला आणि तोच टंकून देत आहे.

जे/२४ नौका पाण्यात १.२२ मीटर खाली जाते, असे त्याने सांगितले. पावसाळ्यानंतर धरण १,५२२ फुटांवर पूर्ण भरलेले असते तेव्हा मधल्या पात्रात तिला अडचण नाही. परंतु या धरणाला काठाकडे उथळ पसारा फार आहे आणि गाळही फार आहे. शंभराहून अधिक गावे बुडिताखाली गेली, त्यांच्या विहिरींचे कठडे, बांध आणि गावठाणांच्या भिंती अजून खाली आहेत. पाणी उतरू लागले की आम्ही थर्माकोलच्या तराफ्यावरून जातो, कारण तो चार बोटे पाण्यातही चालतो. त्या दिवसांत कीलची नौका विहिरीच्या कठड्यावर आदळली तर काय होईल, हे सांगायला नको.

दुसरे म्हणजे आमची जाळी. ती संध्याकाळी लावतो आणि पहाटे काढतो. खाली पात्यासारखी कील असलेली नौका जाळ्यावरून गेली तर जाळे फाटेल आणि कदाचित नौकाही अडकेल. तुमचा खेळ व्हावा अशी माझीही इच्छा आहे, पण तो ठरवताना आम्हाला आधी विचारावे.

गोदाकाठचा मास्तर

दादा, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. जाळ्यांचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, आणि काठावर राहूनही तो आला नाही, याची खंत वाटते.

संभाजीनगरची पक्षीमित्र

जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात येथे रोहित (फ्लेमिंगो) येतात आणि स्थलांतरित बदके येतात. तीही नेमकी त्याच उथळ काठावर उतरतात, ज्याचा उल्लेख भोईदादांनी केला. शिडाच्या नौकेला इंजिनाचा आवाज नसतो हे मान्य, परंतु मोठे पांढरे शीड थव्याजवळून फिरले तरी पक्षी उठतात. वन विभागाच्या आणि जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय हा विषय पुढे नेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लातूरची गणितवाली

पाणी आणि वारा यांचे वेळापत्रकही जुळत नाही, हे मला हिशेब करताना जाणवले. आपल्याकडे पश्चिमेचा जोराचा वारा जून-जुलैमध्ये असतो आणि तेव्हा धरण बहुधा तळाला गेलेले असते. नाशिककडचा पाऊस उतरून धरण भरेपर्यंत वारा मंदावतो, आणि ऑक्टोबरनंतर पाणी असते पण वारा हलका असतो. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्यामुळे धरणाची पातळी पाहण्याची सवय आम्हा लातूरकरांना लागलेली आहे.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक गोष्ट घडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंची आणि ४० अंश तापमान, यामुळे हवा विरळ होते. मुंबईच्या किनाऱ्यावरील हवेच्या तुलनेत घनता साधारण ८ टक्क्यांनी कमी भरते, म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात शिडावरचा जोर तेवढा घटतो. गोड्या पाण्यात नौका जरा खोल बसते, पण तो फरक चमूसह अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास येतो आणि सर्व नौकांना सारखाच असल्यामुळे शर्यतीत त्याचे महत्त्व नाही. एकाच मापाच्या वर्गाचा हाही एक गुण म्हणावा लागेल. पाणी, हवा आणि उंची यांचा तोटा सर्वांच्या वाट्याला समान येतो.

परभणीची अभियंता

मी माझ्या आधीच्या मतातला एक भाग मागे घेते. गणितवाल्या ताईंचे आकडे पाहिल्यावर मान्य करते की, पाच माणसांच्या हालचालीवर एवढे अवलंबून असेल तर रचना स्थिर ठेवल्याशिवाय त्या हालचालीचे मोजमापच होणार नाही. प्रयोगात आपण एक सोडून बाकी सर्व घटक स्थिर ठेवतो, तसेच हे. मात्र सुरक्षिततेच्या बाबतीत गोठवलेली रचना मला आजही मान्य नाही. बुडण्याचा धोका असलेला कप्पा मूळ नियमात आहे म्हणून तसाच ठेवणे हा अन्याय आहे.

आणि मास्तर, नाथसागरावर मोठी नौका आणण्याआधी शाळेत एक प्रयोग करता येईल. गावात शेततळे असेलच. एकाच साच्यातून ६०-७० सेंटीमीटरच्या चार छोट्या शिडनौका करा. एक खबरदारी घ्या: जे/२४ चे प्रमाण जसेच्या तसे लहान करू नका, ती उलटेल. लांबी दहापट लहान केली तर वाऱ्याचा कलवणारा आघूर्ण हजारपट कमी होतो, पण सरळ करणारा आघूर्ण दहा हजारपट कमी होतो. म्हणून छोट्या नौकेची कील प्रमाणापेक्षा बरीच खोल घ्यावी लागते आणि सगळे वजन तिच्या टोकाला ठेवावे लागते.

गोदाकाठचा मास्तर

ताई, हे मला फार आवडले. शाळेमागे एका पालकांचे प्लास्टिक अंथरलेले शेततळे आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. तळ्यावर कठडा नाही, म्हणून मुलांना काठापासून लांब ठेवण्यासाठी दोरी बांधणार आहे आणि पोहता येणारे दोन पालक हजर राहतील. पात्याला खिळा लागून प्लास्टिक फाटू नये म्हणून कीलचे टोक गोल ठेवतो. नववीची मुले चार गटांत नौका बांधतील आणि शर्यतीनंतर नौका आपापसांत बदलून पुन्हा शर्यत घेतील. सुभेदार काकांच्या उस्तादांनी केले तेच.

भोईदादा, आपल्या मुलाला घेऊन त्या दिवशी यावे. पाण्यावरचा वारा कसा ओळखायचा, हे मुलांना आपल्याकडून शिकायचे आहे.

फुगवट्यावरचा भोई

येतो. सकाळी दहाच्या आत ठेवू नका. आमच्याकडे वारा अकरानंतर उठतो.

वाळूजचा टूलरूमवाला

मास्तर, साचा फायबरचा करणार असाल तर चारही नौका एकाच दिवशी आणि एकाच डब्यातल्या रेझिनने काढा, नाही तर वजनात फरक पडेल. कीलसाठी मी पत्र्याच्या तीन साचपट्ट्या कापून देतो: एक वरच्या छेदाला, एक मध्यभागी आणि एक खालच्या गोळ्याला. सूट दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर ठेवू. नौकेची एकूण लांबी आणि कीलची खोली मला शुक्रवारपर्यंत कळवा.